पर्यायी इतिहासातली कुस्ती नेरुळला कशी रंगवावी

पर्यायी इतिहासाच्या कथेत, म्हणजे एखादी घटना वेगळी घडली असे धरून लिहिलेल्या कथेत, व्यावसायिक कुस्तीचा कार्यक्रम रचताना इतिहासाला एकाच ठिकाणी वळण द्यावे. मार्च २००१ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफ (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) या अमेरिकी कुस्ती कंपनीने डब्ल्यूसीडब्ल्यू ही प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली. तो व्यवहार फिसकटला असे धरले, तर डब्ल्यूसीडब्ल्यू नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर उतरू शकते, मात्र हे मैदान २००८ मध्ये खुले झाल्याने त्याआधीची तारीख चालणार नाही. पावसाळाही टाळावा.

रिंगण अठरा फुटी ठेवावे, कारण डब्ल्यूसीडब्ल्यूचे तसेच असे, डब्ल्यूडब्ल्यूएफचे वीस फुटी. दोरीवर आदळून परतणाऱ्या मल्लाला दोन फूट कमी मिळाले की त्याचे एखादे पाऊल गळते आणि लढत अधिक चटपटीत होते. हा फरक वर्णनात दिसायलाच हवा.

निकाल आधी ठरवून त्यामागचे वैर उलट्या क्रमाने रचत जावे. स्थानिक मल्ल तांबड्या मातीत घडलेला असावा, पण १९६८ मध्ये मुंबईत अमेरिकी मल्ल लू थेझला हरवणाऱ्या दारा सिंग यांची नक्कल त्याच्याकडून करवून घेऊ नये (ती फार झाली). मुख्य लढत ठाण्याकडे जाणाऱ्या शेवटच्या लोकलआधी संपवावी, नाहीतर निम्मे प्रेक्षक निकालापूर्वीच स्थानकाकडे निघालेले दाखवावे लागतील.