गावाकडच्या हवेचं सॅम्पलिंग करताय? मुंबईवाल्यांनो, या चुका टाळा

मुंबईत रस्त्याच्या कडेला मशीन लावून लावून एक सवय लागते, मग पालघर नाहीतर पनवेलकडच्या पोल्ट्रीत गेलं तरी आपण तेच करतो, प्लग पॉइंट दिसला की तिथेच स्टँड उभा. अहो पण कोंबड्यांखाली भाताचं तूस पसरणारा माणूस शेडच्या मधोमध वाकून काम करतोय आणि तुमचं मशीन दाराशी! कामगाराच्या श्वासात काय जातं ते हवंय ना, मग बॅटरीवरचा पंप त्याच्या कमरेला आणि फिल्टरची कॅसेट (फिल्टर धरणारी छोटी डबी) कॉलरला, नाकातोंडापासून साधारण ३० सेंटिमीटरच्या आत.

वेळेचा घोळ त्याहून मोठा. सकाळची विरार लोकल, पुढे रिक्षा, पोचेपर्यंत अकरा वाजतात, शेडचे पडदे उघडलेले, वारा खेळतोय, अमोनियाचं रीडिंग एकदम कमी. थंडीत रात्री पडदे बंद असतात, खाली लिटर (विष्ठा मिसळलेला तुसाचा थर) ओलं, डोळे झोंबायला लागतात, ते कोण मोजणार? तसंच राब (भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा जाळणं) भाजतात उन्हाळ्यात, भाताची झोडणी ऑक्टोबर-नोव्हेंबरला, त्यामुळे जुलैत भर पावसात जाऊन 'गावची हवा स्वच्छ' असा रिपोर्ट प्लीज लिहू नका.

लिमिट कुठली लावताय तेही बघा. आपल्या २००९ च्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता मानकांत बाहेरच्या हवेतल्या अमोनियाला २४ तासांच्या सरासरीत ४०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर अशी मर्यादा आहे, आणि कामाच्या जागेसाठी अमेरिकेच्या नायॉशची (कामगारांच्या सुरक्षा-आरोग्यावर काम करणारी सरकारी संस्था) शिफारस २५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग), म्हणजे घनमीटरला जवळपास १८ हजार मायक्रोग्रॅम! शेडच्या आतला आकडा ४०० शी लावून घाबरायचं नाही आणि शेजारच्या घरातला २५ पीपीएमशी लावून खुश व्हायचं नाही.

पंपाचा फ्लो, म्हणजे मिनिटाला किती हवा ओढतो ते, सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा चेक करा, तोही कॅसेट जोडून. झोडणीच्या धुळीत फिल्टर चोक होतो, फ्लो पडतो, फरक ५ टक्क्यांच्या वर गेला तर सॅम्पल बाद धरलेलं बरं. बारीक धुळीसाठी सायक्लोन (हवा गोल फिरवून जाडे कण खाली पाडणारं छोटं उपकरण) असेल तर त्याच्या मॉडेलचाच फ्लो ठेवा, नायलॉनवाल्याला मिनिटाला १.७ लिटर, काही ॲल्युमिनियमवाल्यांना २.५, कमी ठेवला तर जाडे कणही फिल्टरवर येतात. आणि काढताना घाईत उलटा करू नका, खालच्या भांड्यातली जाडी धूळ सगळी फिल्टरवर पडते, मग वजन बघून लॅबवाले चाट पडतात.

वजनावरून आठवलं, आपल्याकडची दमट हवा. फिल्टर आधी आणि नंतर सारख्याच तापमान-आर्द्रतेत ठेवून वजन करायचं, सोबत एक-दोन कोरे फिल्टर साइटवर फिरवून आणायचे. कोऱ्याचंही वजन वाढलं तर दोष धुळीचा नाही, ओलाव्याचा नाहीतर हाताळणीचा. वजन मायनसमध्ये आलं तर फिल्टरचे धागे कॅसेटला चिकटलेत का बघा. स्वस्तातल्या लेझर सेन्सरचंही तेच, पहाटे धुक्यात पीएम २.५ चा (२.५ मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचा) आकडा उसळला आणि फिल्टरवर तेवढं काहीच नाही, तर तुम्ही पाण्याचे थेंब मोजलेत.