पेस्तो करताना या चुका टाळा

पेस्तो म्हणजे सहसा बेसिल (तुळशीच्या कुळातली सुगंधी पानं), लसूण, पाइन नट्स (पाइन झाडाचे दाणे), चीज आणि ऑलिव्ह तेल ठेचून केलेली, पास्त्याला लावायची इटलीतल्या जेनोवा शहराची चटणी. पहिल्यांदा केला तेव्हा मी तो चक्क कढईत परतला. ओलं वाटण दिसलं की तेलात परतायचं, ही हाताची सवय. दोन मिनिटांत हिरव्यागार गोळ्याचा रंग शेवाळी झाला, चीज बुडाला चिकटलं आणि बेसिलचा वास घरभर पसरून वाटणातून मात्र गेला. पेस्तो शिजवायचा नसतो. पास्ता निथळायचा, गॅस बंद करायचा, मग पेस्तो घालायचा. घट्ट वाटला तर पास्ता उकडलेलं दोन-चार चमचे पाणी. बस्स.

काळा पडतो, कडू लागतो

पेस्तो हे नाव ‘पेस्तारे’ या क्रियापदावरून आलंय. अर्थ ठेचणे, कुटणे. म्हणजे आपल्या ठेच्यासारखंच, कृतीवरून पडलेलं नाव. जेनोवात त्यासाठी संगमरवरी खल आणि लाकडी बत्ता असतो. आधी लसूण, मग जाड्या मिठासोबत थोडी थोडी पानं, मग पाइन नट्स, मग चीज आणि सगळ्यात शेवटी तेल. पानांवर दणादण घाव घालायचे नाहीत, खलाच्या कडेला गोल फिरवत चेचायची.

मिक्सर वापरायला हरकत नाही, मीही वापरते. पण पातं सलग फिरलं की भांडं तापतं, पानं चिरडून हवा लागते आणि पेशींतली विकरं त्यांना काळं करतात, कापलेल्या वांग्यासारखं. म्हणून भांडं आणि तेल आधी फ्रीजमध्ये ठेवा, पानं कोरडी करा आणि मिक्सर थांबत थांबत फिरवा. रंग हवाच असेल तर पानं दहा सेकंद उकळत्या पाण्यात घालून लगेच बर्फाच्या पाण्यात काढा, मग नीट टिपून घ्या. थोडा सुगंध जातो, हिरवेपणा राहतो. कडूपणाचं एक कारण तेलातच असतं: एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल मिक्सरमध्ये घुसळलं की त्याचा कडसरपणा वर येतो. ते शेवटी चमच्याने मिसळा.

कुठलीही पानं, कुठलेही दाणे

जेनोवाच्या पश्चिमेला प्रा नावाचा भाग आहे. तिथलं हरितगृहातलं बेसिल कोवळं, छोट्या पानांचंच खुडतात. मोठ्या, तुरे आलेल्या झाडाला पुदिन्यासारखा वास मारतो, असं तिथले लोक म्हणतात. तुळस घालू नका, ती वेगळी प्रजाती. सब्जा मात्र बेसिलच्याच प्रजातीतला, तरी त्याच्या पानांचा वास निराळा आणि उग्र असतो.

पाइन नट्स महाग म्हणून काजू घातले तर आभाळ कोसळत नाही, चव गोडसर होते एवढंच. मात्र काही स्वस्त पाइन नट्स खाल्ल्यावर पुढचे काही दिवस तोंड कडू राहतं. तेव्हा पेस्तोला दोष देऊ नका.

शाकाहारी मंडळींनी इथे थांबून वाचा: पेस्तोत घालतात ते अस्सल पार्मिजानो रेज्जानो (पार्मेझान) चीज वासराच्या रेनेटनेच, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेल्या दूध घट्ट करणाऱ्या विकरानेच बनतं. पाकिटावर शाकाहारी रेनेट लिहिलेलं दुसरं कडक चीज घ्या. प्रमाण साधारण असं: ६०-७० ग्रॅम पानांना ३० ग्रॅम पाइन नट्स, लसणीच्या एक-दोन पाकळ्या, ७०-८० ग्रॅम चीज. आपण लसूण हमखास जास्त घालतो, हात आवरा.

हिरवा म्हणजेच पेस्तो?

सगळ्यात मोठी चूक ही. जेनोवात १८६३ साली छापलेल्या पाककृतीत चक्क डच चीज आणि लोणी आहे, आणि बेसिल नसेल तर मार्जोरम (मरवा) आणि पार्सली चालेल असंही म्हटलंय. ‘अस्सल’चा आग्रह धरणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते. जेनोवा ज्या प्रांतात आहे त्या लिगुरियातच काही ठिकाणी प्रेशिन्सेवा हे आंबटसर, दह्याच्या जवळ जाणारं चीज घालतात.

सिसिलीतल्या त्रापानीत बदाम, कच्चा टोमॅटो, लसूण आणि बेसिल एकत्र ठेचतात आणि पिळदार बुसियाते पास्त्याला लावतात. जेनोवाचे खलाशी बंदरात उतरायचे, त्यांच्याकडून ही कल्पना आली असं सांगतात. दक्षिण इटलीतल्या कालाब्रियात ढोबळी मिरची, रिकोटा हे मऊ चीज आणि तिखट. उत्तरेकडच्या मोदेना शहरात तर पेस्तो म्हणजे डुकराची चरबी, लसूण आणि रोझमेरी. पास्त्याला नाही, गरम छोट्या पावाला फासायला. म्हणून टोमॅटोचा पेस्तो पाहून ‘हा बिघडला’ म्हणू नका, आणि त्रापानीचा पेस्तो फार पातळ होत असेल तर टोमॅटोच्या बिया आणि रस आधी काढा.

जेनोवात पास्त्याच्याच पाण्यात बटाट्याच्या फोडी आणि फरसबी उकडतात. बटाट्याच्या पिठुळपणाने पेस्तो पास्त्याला धरून राहतो. आमच्या घरी आधी सगळ्यांनी नाकं मुरडली, आता बटाटा नसला तर विचारतात.

उरलेला

बाटलीत भरून ओट्यावर ठेवू नका. तेलात बुडलेली कच्ची लसूण बाहेर राहिली तर त्यात घातक जिवाणू वाढू शकतात. वर तेलाचा थर देऊन फ्रीजमध्ये तीन-चार दिवस. जास्त असेल तर चीज न घालता बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, आणि वितळल्यावर चीज किसून घाला.