फुलपाखरं आणि झुंडीनं राहणारे कोळी बघताना या चुका टाळा (बेळगाव-खानापूरवाल्यांसाठी)

पाऊस जरा उघडला की रविवारी जांबोटी, कणकुंबी, चोर्ला रस्त्याला गाड्यांची रांग लागते आणि संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर फोटो पडायला लागतात, "हे कुठलं ओ?" मग चौघं चार नावं सांगतात. चुका त्याच त्याच असतात, म्हणून एकदा लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसते पंख बघून नाव ठोकून देणं. काळे पंख, मागच्या पंखावर पांढरे डाग, कडेला लाल ठिपके, की झालं, "कॉमन रोझ". बऱ्याचदा ती कॉमन मॉर्मनची मादी असते. रोझची अळी ईश्वरीच्या वेलीची पानं खाते, त्यातलं विष अंगात राहतं, म्हणून पक्षी एकदा चोच मारून परत नादाला लागत नाहीत. मॉर्मनची अळी खाते आपल्या परसातला कढीपत्ता नाहीतर लिंबू, म्हणजे विषबिष काही नाही, पण मादी सोंग घेते रोझचं. त्यातही तीन प्रकार, एक मादी नरासारखीच, दुसरी कॉमन रोझसारखी, तिसरी क्रिमसन रोझ या दुसऱ्या विषारी फुलपाखरासारखी, आणि हे सगळं डबलसेक्स नावाच्या एकाच जीनवर चालतं हे फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवलं. मग सगळ्याच माद्या सोंग का घेत नाहीत? कारण नकली माल जास्त झाला की पक्ष्यांना कळतं, हे खायला बरं लागतंय की!

तर उपाय सोपा आहे, पंख सोडा आणि अंग बघा. खऱ्या रोझचं डोकं आणि पोट लालभडक असतं, मॉर्मनचं अंग काळं. सगळे जण पंख पसरायची वाट बघत बसतात आणि वरून फोटो काढतात, त्यापेक्षा बाजूनं पोट दिसेल असा एक तरी काढा, निम्मे वाद तिथेच मिटतील.

दुसरं, सीझन न बघता नाव सांगणं. कॉमन इव्हिनिंग ब्राउन पावसाळ्यात बघाल तर पंखाखाली डोळ्यासारखे ठळक ठिपके असतात, उन्हाळ्यात तेच फुलपाखरू वाळक्या पानासारखं, ठिपके जवळजवळ गायब. लोक दोन जाती समजून दोन फोल्डर करतात.

ओल्या मातीवर घोळका बसलाय म्हणजे तहान लागलीय असं नाही, ते बहुतेक नर असतात आणि मातीतलं मीठ शोषत असतात, त्यातलं पुढं मीलनाच्या वेळी मादीला जातं. व्हिडिओसाठी खडा मारून त्यांना उडवणारे लोक बघितले की डोकं फिरतं.

"घरी एवढी फुलं लावली तरी फुलपाखरं येत नाहीत" ही तक्रार कायमची. अहो, फुलं म्हणजे नुसतं हॉटेल झालं, अंडी कुठं घालणार? कढीपत्ता, लिंबू, रुई, पानफुटी लावा. आणि लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही चिकटलेलं दिसलं तर फवारा मारू नका, तीच लाइम बटरफ्लायची लहान अळी, मोठी झाली की हिरवी होते आणि डिवचली तर डोक्यामागून शिंगं काढून घाण वास सोडते. जाता जाता, कर्नाटकाचं राज्य फुलपाखरू सदर्न बर्डविंग आणि महाराष्ट्राचं ब्लू मॉर्मन, दोन्ही आपल्या खानापूरच्या रानात आहेत. यावर जास्त बोलत नाही, विषय भलतीकडे जाईल.

आता कोळी. इथं पहिली चूक जागेची. कणकुंबीच्या जंगलात जायंट वूड स्पायडरची मोठी पिवळसर जाळी शेजारी शेजारी दिसतात, म्हणून ते काही झुंडीनं राहणारे नव्हेत, प्रत्येकाचं जाळं वेगळं. खरा सोशल कोळी, स्टेगोडायफस सारासिनोरम, हवा असेल तर उलट्या दिशेला चला, गोकाक, सौंदत्ती, अथणीकडच्या कोरड्या पट्ट्यात बाभळी आणि काटेरी कुंपणं तपासा. घरटं म्हणजे रेशमाचा मळकट गोळा, त्यात वाळकी पानं, भुंग्यांची टरफलं, किड्यांचे पंख अडकलेले, जागोजागी भोकं, आणि बाहेर चादरीसारखी जाळी. धाग्याला गोंद नसतो, तो लोकरीसारखा असतो, किड्याचे पाय त्यात गुंततात.

दुपारी बघून "रिकामं आहे" म्हणू नका, दिवसा कोळी आत असतात. दिवस मावळताना जा. मोठा किडा अडकला की पाच-दहा जणी एकदम धावतात, ओढतात, मिळून खातात, आणि कोणी कोणाला हाकलत नाही. हीच ओळख.

घरट्यात सुरकुतलेल्या मेलेल्या माद्या दिसल्या तर रोग पडला असंही समजू नका. आई आधी ओकून पिल्लांना भरवते, शेवटी पिल्लं तिलाच खातात, आणि अंडी न घातलेल्या मावश्याही तशाच जातात. याच वंशातल्या एकेकट्या राहणाऱ्या जातींत पिल्लं आईला खाऊन पांगतात, इथं ती पांगत नाहीत, मीलनसुद्धा घरातल्या घरात. म्हणून नर थोडे, माद्याच जास्त, आणि पिढ्यान्‌पिढ्या बाहेरचं रक्त जवळजवळ नाही. ही वाट उत्क्रांतीत फार लांब जात नाही असं अभ्यासक मानतात. कोळ्यांच्या ५० हजारांच्या आसपास जाती, त्यात कायम असं राहणाऱ्या जेमतेम दोन डझन.

आणि ही घरटी पेटवून देणं बंद करा. माणसाला त्यांचा धोका नाही. शाळेच्या प्रदर्शनाला फांदी तोडून आणायचीही गरज नाही, मोबाइलवर व्हिडिओ करा की. कुंपण छाटायचंच असेल तर गोळा असलेली फांदी तेवढी ठेवा, बाहेरची जाळी फाटली तरी चालते, ती रात्री परत विणतात.