डॅलसकडे घर घेताय? गारांचं डिडक्टिबल बघितलंत का?

फ्रिस्को-प्लेनोकडे घर घेणारे आपले लोक काउंटरटॉपचा रंग ठरवायला महिना घालवतात, आणि इन्शुरन्स मात्र क्लोजिंग (खरेदीच्या शेवटच्या सह्या) तोंडावर आलं की जो स्वस्त मिळेल तो. लेंडरने पॉलिसी मान्य केली म्हणजे झालं असं समजू नका, त्याला त्याच्या कर्जाची काळजी, तुमच्या खिशाची नाही.

पॉलिसीचं डेक्लरेशन पेज, म्हणजे सुरुवातीचं गोषवाऱ्याचं पान, उघडा. डिडक्टिबल (नुकसानीतली आधी तुम्ही भरायची रक्कम) बहुतेक दोन दिसतील, एक नेहमीचं आणि एक वारा-गारांचं, आणि हे दुसरं टक्क्यात असतं, १ किंवा २. आता २ टक्के म्हणजे नुकसानीचे नव्हेत हो, ड्वेलिंग कव्हरेजचे, म्हणजे घराच्या बांधकामाचा जेवढा विमा आहे त्याचे! कव्हरेज ५ लाख डॉलर असेल तर पहिले १०,००० तुमच्या खिशातून. ओळखीतल्या एका जोडप्याचं छप्पर गारांनी गेलं, एस्टिमेट १८,०००, हे ८,००० ची वाट बघत बसले. पण प्रीमियम कमी करायच्या नादात छप्पर अ‍ॅक्च्युअल कॅश व्हॅल्यूवर घेतलेलं, म्हणजे जुनेपणाचे पैसे आधी कापणार. त्यात ९,००० गेले, उरलेले डिडक्टिबलपेक्षा कमी, हातात शून्य. वर क्लेमची नोंद झाली ती झालीच. म्हणून छपराला रिप्लेसमेंट कॉस्टच (जुनेपणा न कापता नव्याचा खर्च) घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

मार्च ते मे गारा पडल्या की रूफर (छपराचे कंत्राटदार) दारात हजर, "डिडक्टिबल आम्ही बघून घेतो". टेक्सासमध्ये २०१९ च्या कायद्याने हे चालत नाही, विमा कंपनी तुमच्याकडे डिडक्टिबल भरल्याचा पुरावा मागू शकते. तरी असल्यांचे नंबर आपल्याच ग्रुपवर फिरतात, "अरे माझ्याकडे करून दिलं की". सोडा.

पुराचं पाणी घराच्या पॉलिसीत येत नाही, फ्लड पॉलिसी वेगळी, आणि सरकारी असेल तर सहसा ३० दिवसांनी लागू होते, वादळाची बातमी बघून घ्याल तर उपयोग नाही.

आणि सोनं. आईने दिलेल्या पाटल्या, तोडे सगळं कपाटात, आणि साध्या पॉलिसीत दागिन्यांच्या चोरीची मर्यादा बऱ्याचदा १,५०० डॉलर, सगळ्याचे मिळून! तेवढ्यात आज एक बांगडी तरी येते का? घरात ठेवायचंच असेल तर अप्रेझल (किमतीचा दाखला) करून पॉलिसीत शेड्यूल करा, म्हणजे एकेक दागिना किमतीसकट नोंदवा. बँकेत लॉकर घेतला म्हणूनही निर्धास्त होऊ नका, एफडीआयसीचा (बँक ठेवींचा सरकारी) विमा खात्यातल्या पैशाला असतो, लॉकरमधल्या वस्तूंना नाही.