नवख्या खेळाडूंसाठी पहिलं साहस कसं रचायचं: डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या डीएमसाठी

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकत मिळून गोष्ट रचण्याचा टेबलावरचा खेळ; त्यात गोष्ट, जागा आणि शत्रू सांभाळतो तो डीएम (डन्जन मास्टर). इथे धरलेला हिशेब असा: चार खेळाडू, सगळे पहिल्यांदाच खेळणारे, पहिल्या लेव्हलची (सगळ्यात खालच्या पायरीची) पात्रं, साडेतीन तासांची एकच बैठक. नियम २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे. त्यातले मूळ नियम २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळतात, त्यामुळे सुरुवातीला पुस्तक विकत घेतलंच पाहिजे असं नाही.

पात्रं तुम्हीच तयार करून आणा. फायटर (लढवय्या), रोग (चोरटा), क्लेरिक (जखमा भरणारा देवभक्त), विझर्ड (जादूगार) अशी चार शीटं (पात्राची माहिती लिहिलेले कागद) पुरतात. नवख्यांना टेबलावर पात्र बनवायला बसवलं की पहिला तास नियम वाचण्यात जातो आणि फासा हातात येईपर्यंत उत्साह ओसरतो. नाव आणि स्वभाव मात्र ज्याचा त्याने ठरवावा.

आधी पेच, मग नकाशा

गोष्ट शेवटापर्यंत लिहून ठेवू नका. कोणाला काय हवंय आणि कधीपर्यंत, एवढं पक्कं करा. उदाहरण म्हणून हा पेच घ्या: गावाजवळच्या पडक्या गडावर गॉब्लिनांची (बुटक्या, कपटी राक्षसांची) टोळी येऊन बसली आहे. तिथल्या कोठाराचं लोखंडी पट्ट्यांचं दार त्यांना फोडता येत नाही, म्हणून त्यांनी गावातला एकुलता एक लोहार पळवून नेला. उजाडेपर्यंत दार उघडलं नाही तर त्याची खैर नाही.

यात गॉब्लिनांना दार उघडून हवंय, ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे. शत्रूला काहीतरी हवं असलं की खेळाडूंना लढण्याखेरीज बोलणी, फसवणूक, अदलाबदल असे मार्ग आपोआप मिळतात. नुसते ‘दुष्ट’ गॉब्लिन ठेवले तर तलवार उपसण्यापलीकडे कोणाला काही सुचत नाही.

खेळ खानावळीत सुरू करू नका. अनोळखी पात्रांची ओळख होऊन ती मोहिमेवर निघेपर्यंत पाऊण तास सहज जातो. थेट गडाच्या पायथ्याशी, संध्याकाळी सुरू करा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: ‘या लोहाराने तुझ्यासाठी कधी काय केलं होतं?’ चार उत्तरं आली की चौघेही आपापल्या कारणाने गड चढायला तयार होतात.

गडाचा नकाशा

मराठी खेळाडूंना डोंगरी किल्ला समजावून सांगावा लागत नाही, आणि डन्जन (धोक्यांनी भरलेली, शोध घ्यायची जागा) म्हणून तो फार सोयीचा आहे. सहा जागा पुरेत: पायवाट, दोन बुरुजांच्या मधला दरवाजा, पाण्याचं टाकं, चोरदरवाजा, सदर, कोठार. आत शिरायचे तीन मार्ग ठेवा आणि प्रत्येकाची वेगळी किंमत ठेवा. मुख्य वाट वळून बुरुजांच्या बेचक्यात शिरते, म्हणून अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही आणि वरून मारा होतो. ही वाट सोपी, पण पहारेकऱ्यांची. टाक्याच्या बाजूचा कडा दोर लावून चढता येतो, पण पडण्याचा धोका. चोरदरवाजा सुरक्षित, पण तो आधी सापडायला हवा.

चोरदरवाज्याचा माग एकाच ठिकाणी ठेवलात तर तो हुकणार, हे गृहीत धरा. तुम्हाला उघड वाटणारी खूण टेबलापलीकडच्यांना दिसत नाही. तीन ठिकाणी ठेवा: गुराख्याला ती वाट माहीत आहे, झुडपांतून ओढत नेल्याच्या खुणा आहेत, आणि पकडलेला गॉब्लिन जिवाच्या भीतीने सांगतो.

फाशावर काय सोडायचं

नवखे डीएम सगळ्यात जास्त इथे अडखळतात. काम जमलं का हे ठरवायला वीस बाजूंचा फासा टाकून त्यात पात्राचा बोनस मिळवायचा, याला चेक म्हणतात; त्यात गाठायचा आकडा म्हणजे डीसी. नियमांत १० ही सोप्या कामाची डीसी आहे, १५ मध्यम, २० अवघड. ‘मध्यम’ शब्दावर जाऊ नका. +५ असलेल्या पात्राला १५ गाठायची शक्यता ५५ टक्के, आणि बोनसच नसलेल्याला ३० टक्के. ५५ टक्क्यांचे तीन चेक ओळीने जमायलाच हवेत अशी रचना केलीत, तर तिन्ही जमण्याची शक्यता सुमारे १७ टक्के उरते. म्हणजे बहुतेक बैठका मध्येच अडकणार.

म्हणून पुढे जाण्यासाठी अत्यावश्यक असलेली माहिती किंवा वाट कधीही एका फाशावर टांगू नका. ती मिळणारच; किती महागात मिळते ते फाशाने ठरवावं. कडा चढताना चेक हुकला तर पात्र वर पोहोचतंच, पण दगड घरंगळून पहारेकरी सावध होतो. कुलूप उघडायला गेलं तर ते उघडतं, पण हत्यार मोडतं. फासा टाकायला लावण्याआधी स्वतःला विचारा की हुकल्यावर काय घडेल. ‘काहीच नाही’ असं उत्तर आलं तर फासा नको.

सुरुवातीच्या डीसी १० ते १३ मध्ये ठेवा.

लढाईचं गणित

पहिल्या लेव्हलच्या चार पात्रांसाठी एक्सपीच्या (शत्रूला हरवल्यावर मिळणाऱ्या अनुभवगुणांच्या) मर्यादा अशा: सोपी लढाई १००, मध्यम २००, कठीण ३००, जीवघेणी ४००. गॉब्लिनचे ५० एक्सपी. पण शत्रू दोन असले तर बेरजेला दीडने गुणायचं, तीन ते सहा असले तर दोनने. म्हणजे दोन गॉब्लिन १५०, तीन ३००, चार ४००. दोनाचे चार केले की सोपी-मध्यम लढाई थेट जीवघेणी होते.

कारण साधं आहे: दर राउंडला (सगळ्यांची एकेक पाळी) किती वार येतात यावर सगळं ठरतं. आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) १२ च्या विझर्डला गॉब्लिनचा वार ६५ टक्के वेळा लागतो, सरासरी ५ हिट पॉइंट (किती मार सोसता येतो ते गुण) जातात, आणि त्याच्याकडे असतात ७ किंवा ८. दोन वारांत तो आडवा. शिवाय गॉब्लिन वार करून त्याच टर्नमध्ये (पाळीत) लपू शकतो. ही क्षमता पुरेपूर वापरली तर एक्सपीच्या आकड्यावरून वाटतो त्याहून तो खूप घातक ठरतो. पहिल्या लढाईत ती वापरू नका, शेवटच्या लढाईत एकदा दाखवा.

या साहसासाठी तीन लढाया ठरवा. दरवाज्यावर दोन गॉब्लिन. एक पडला की दुसरा इशारा द्यायला पळतो, म्हणजे पाठलागाचा निर्णय खेळाडूंवर येतो. कोठारात दोन सांगाडे. प्रत्येकी १३ हिट पॉइंट, पण बोथट हत्याराचा मार त्यांना दुप्पट लागतो. दारापाशी घणाने चुरा केलेली हाडं दाखवा, क्लेरिकच्या हातातल्या मेसकडे (गदेकडे) कोणाचं तरी लक्ष जाईल. सदरेवर म्होरक्या आणि दोन साथीदार. आधी टाक्याजवळ तासभर शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) घ्यायची संधी आणि हीलिंग पोशनच्या (जखमा भरणाऱ्या औषधाच्या) दोन कुप्या (प्रत्येकी २डी४+२, म्हणजे चार बाजूंचे दोन फासे अधिक दोन) ठेवा.

विझर्डकडे स्लीप (झोपवणारा मंत्र) असेल तर म्होरक्याची लढाई एका स्पेलमध्ये संपू शकते: ५डी८ (आठ बाजूंचे पाच फासे) एवढ्या हिट पॉइंटचे शत्रू झोपतात, म्हणजे सरासरी साडेबावीस, आणि तीन गॉब्लिनांचे मिळून २१. संपू द्या. त्या खेळाडूच्या आयुष्यातला हा पहिला मोठा डाव आहे, तो हिसकावू नका. सांगाड्यांवर स्लीप चालत नाही, तिथे इतरांना वाव मिळतो.

ऑगर (धिप्पाड राक्षस) मात्र टाळा. त्याचे ४५० एक्सपी, म्हणजे तो एकटाच जीवघेण्या मर्यादेपलीकडे. ७ हिट पॉइंटच्या विझर्डला एका फटक्यात १४ किंवा जास्त मार बसला तर नियमाप्रमाणे तो जागीच मरतो, आणि ऑगरचा लागलेला फटका ४४ टक्के वेळा तेवढा असतो. शॅडोसारखे ताकद शोषणारे शत्रूही नकोत. पात्रं हरली तर पुढे काय, हे आधीच लिहून ठेवा. इथे गॉब्लिन त्यांना मारत नाहीत, दार फोडायला जुंपतात.

बोलणं

नियमांचे शब्द शीटवर आहेत तसेच वापरा. हिट पॉइंटला मराठी शब्द शोधत बसलात तर खेळाडू शीटवर तो शोधत बसतील. वर्णन आणि संवाद मात्र मराठीत येऊ द्या. मराठीची एक मोठी सोय इथे हाताशी आहे: म्हातारी गुराखीण ‘अरे पोरांनो’ म्हणते, म्होरक्या सगळ्यांना ‘ए’ करतो, सुटलेला लोहार ‘तुम्ही’वर येतो. आवाज बदलता येत नसला तरी माणूस वेगळा कळतो. म्होरक्या बोलणी करताना ‘ए’वरून ‘अहो’वर आला की आपलं पारडं जड झालं, हे खेळाडूंना न सांगता समजतं.

जागेचं वर्णन तीन-चार वाक्यांत संपवा. एक दिसणारी गोष्ट, एक वास किंवा आवाज, आणि शेवटी हात घालता येईल असं काहीतरी. ‘तुम्हाला भीती वाटते’ असं कधीही म्हणू नका. पात्राला काय वाटतं ते खेळाडूने ठरवायचं.

वेळ

पात्रांची ओळख आणि फासे समजावणं २५ मिनिटं, पायथा आणि गडाची वाट ४०, दरवाजा ३५, आतला शोध आणि कोठार ५०, सदर ४५, शेवट १५. नवख्यांची साधी लढाईही अर्ध्या तासाच्या आत क्वचित संपते. सव्वादोन तास उलटूनही कोठार आलं नसेल तर सांगाडे गाळा आणि दार उघडतानाचा आवाज सदरेवरून ऐकू येऊ द्या. म्होरक्याशी गाठ पडणं आणि लोहार सुटणं, एवढ्याला वेळ राखून ठेवलाच पाहिजे.

टेबलावर एकच कागद ठेवा. त्यावर सहा जागांची नावं, तीन खुणा, शत्रूंचे हिट पॉइंट आणि आर्मर क्लास, चारही पात्रांचं पॅसिव्ह पर्सेप्शन (मुद्दाम न शोधता किती लक्षात येतं तो आकडा), आणि वेगवेगळ्या अक्षरांनी सुरू होणारी पाच-सहा रिकामी नावं. खेळाडू वाटेत भेटलेल्या एखाद्या धनगराला नाव विचारणारच, आणि तिथे अडखळलात की हा माणूस महत्त्वाचा नाही हे त्यांना लगेच कळतं.