मांजर-डिटेक्टिव्हची कोझी मिस्ट्री लिहिताय? आधी या चुका टाळा

ओळखीतल्या कोणी मांजर-डिटेक्टिव्हची कादंबरी लिहायला घेतली की पहिली तीन-चार प्रकरणं माझ्याकडे वाचायला येतात, कारण कोझी मिस्ट्री, म्हणजे हिंसा पडद्याआड ठेवणारी उबदार रहस्यकथा, हा प्रकार मी वर्षानुवर्षं प्रेमाने वाचत आले आहे. त्यातलं मांजर बहुतेक वेळा झकास जमलेलं असतं. त्याचा आळस, त्याचा रुसवा, आपण वाचत असलेल्या पानावरच येऊन बसणं, सगळं अगदी हुबेहूब. आणि तरी पुढचं प्रकरण उघडावंसं वाटत नाही. लिहिणाऱ्यालाही ते जाणवलेलं असतं, फक्त काय बिघडलंय ते सापडत नाही.

मला वाटतं, बिघाडाचं मूळ एकच असतं. मांजर हुशार आहे म्हणून आपण या कादंबऱ्या वाचतो, असा लेखकाचा समज झालेला असतो. खरी ओढ वेगळीच आहे: त्या मांजराला नक्की किती कळलंय, हे शेवटपर्यंत कळत नाही. ज्याच्या घरी मांजर आहे त्याला हे सांगायला नको. ते रिकाम्या भिंतीकडे टक लावून बसतं आणि आपण हातातलं काम टाकून ती भिंत बघायला जातो. चांगल्या मांजर-रहस्यकथेचा सगळा डोलारा त्या उठून बघायला जाण्यावर उभा असतो. गुन्हा माणूसच उलगडतो, पण मांजराने बघायला लावलं म्हणून. पुढच्या बऱ्याच चुका हे सुटल्यामुळे होतात.

मांजराला चार पायांचा माणूस करू नका

एका हस्तलिखितात बोका चिखलातला ठसा बघतो, चपलेचं माप ताडतो, टाचेच्या झिजेवरून माणूस लंगडतो हे ओळखतो आणि मग शेपटी हलवतो. असं झालं की बोक्याला घालवून तिथे निवृत्त पोलीस अधिकारी बसवला तरी कथेत काही फरक पडत नाही.

लिलियन जॅक्सन ब्रॉन या अमेरिकन लेखिकेने १९६६ साली आपली पहिली मांजर-रहस्यकादंबरी आणली आणि २००७ पर्यंत या मालिकेत २९ कादंबऱ्या झाल्या. तिचा कोको हा सयामी बोका फळीवरून पुस्तक खाली पाडतो. त्या पुस्तकाचं नाव पुढे गुन्ह्याशी जुळतं. जिम क्विलरन या पत्रकाराच्या मिशा शिवशिवायला लागतात आणि तो शोधाला लागतो. पण पुस्तक पाडणं हा मांजराचा नेहमीचा उद्योगच आहे. कोकोला खरंच काही कळलं होतं की क्विलरननेच सुतावरून स्वर्ग गाठला? ही शंका तशीच राहते आणि तिच्यातच सगळी मजा आहे.

दुरुस्ती सोपी आहे, मन मात्र घट्ट करावं लागतं. मांजराच्या डोक्यात चाललेले विचार खोडा. त्याची कृती तेवढी ठेवा. त्या कृतीचा अर्थ लावण्याचं काम सोबतच्या माणसाकडे द्या, आणि एक-दोनदा तो अर्थ चुकू द्या.

मग बोलणारी मांजरं चालतच नाहीत का? चालतात, आणि छान चालतात. रिटा मे ब्राउनच्या १९९० पासूनच्या मालिकेत मिसेस मर्फी ही मांजरी आणि टकर ही कॉर्गी कुत्री आपसात भरपूर बोलतात, माणसांना त्यातलं अक्षर कळत नाही. सगळं समजूनही सांगता येत नाही, याची एक गोड तगमग त्या पानांत आहे. कॅरोल नेल्सन डग्लसचा मिडनाइट लुई हा काळा बोका आपली प्रकरणं स्वतःच सांगतो. शर्ली रूसो मर्फीचा जो ग्रे तर माणसांशीच बोलतो. नियम तिघींचे तीन, पण प्रत्येकीने आपला नियम सुरुवातीलाच ठरवला आणि पाळला. गोंधळ होतो तो दहा प्रकरणं गप्प असलेलं मांजर अडचणीच्या वेळी अचानक वाचायला शिकतं तेव्हा. आपल्या मांजराला काय येतं आणि काय कधीच येणार नाही, हे लेखनाला बसण्यापूर्वी कागदावर लिहून भिंतीला चिकटवा.

गुन्ह्याचा धागा मांजराच्या स्वभावातूनच यायला हवा

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण या प्रकारातली सगळ्यात सुंदर कारागिरी इथेच असते.

समजा, घरातली मांजरी अनोळखी पाऊल ऐकलं की पलंगाखाली जाते आणि पाहुणा जाईपर्यंत बाहेर येत नाही. दुसऱ्या प्रकरणात नळ दुरुस्त करायला माणूस येतो, मांजरी गायब. चौथ्यात शेजारीण डोकावते, पलंगाखालून फक्त शेपटीचं टोक दिसतं. सातव्या प्रकरणात मृत बाईंची पुतणी येते. ‘या घरात मी पहिल्यांदाच येतेय,’ म्हणते. मृत्युपत्राबद्दल बोलणं चालू असतं आणि मांजरी येऊन तिच्या घोट्याला गाल घासून निघून जाते. पुढच्याच वाक्यात कोणीतरी खिडकी लावायला उठतं.

धागा वाचकाच्या हातात पडला. मांजरांच्या गालांवर गंधग्रंथी असतात. ओळखीच्या, सुरक्षित वाटणाऱ्या गोष्टींवर ती गाल घासून आपला वास ठेवतात. ज्याने मांजर पाळलंय त्याच्या मनात काहीतरी टोचेल, बाकीचे पुढे जातील आणि शेवटी मागे येऊन ते पान पुन्हा वाचतील. दोघांनाही आनंद मिळतो. आर्थर कॉनन डॉयलने १८९२ साली रात्री न भुंकलेल्या कुत्र्यावरून ओळखीचा माणूस पकडून दिला होता, ही त्याच घराण्यातली युक्ती. प्राण्याचा रोजचा स्वभाव आधी नीट दाखवला असेल, तरच तो मोडल्याचा आवाज येतो. पहिल्या दोन पाहुण्यांचे प्रसंग घाईत वगळले, तर सातव्या प्रकरणातलं गाल घासणं नुसता लाडिकपणा ठरेल.

आणि कृपा करून त्या कृतीनंतर ‘पण तेव्हा ते कोणाच्याच लक्षात आलं नाही’ असं लिहू नका. लपवलेली वस्तू स्वतःच बोट करून दाखवण्यासारखं आहे ते.

दुसरं एक उदाहरण. सयामी मांजराचा रंग तापमानावर अवलंबून असतो. शरीराचा जो भाग थंड, तिथले केस गडद, म्हणून कान, तोंड, पंजे, शेपटी काळसर. शस्त्रक्रियेसाठी भादरलेल्या जागी नवे केस कधी कधी आधीपेक्षा गडद उगवतात. आता काही महिने हरवलेला सयामी बोका परत येतो. ‘आमच्या उबदार घरातच होता,’ असं एक जण छातीठोक सांगतो आणि बोक्याच्या कुशीवर गडद ठिगळ दिसतं. केस नसलेली जागा तशीही थोडी थंडच असते, त्यामुळे एवढ्यावरून कोणी दोषी ठरणार नाही. पण संशयाला वाट मिळते, आणि सातव्या-आठव्या प्रकरणात तेवढंच हवं असतं.

माहितीच्या चुका

या प्रकाराचे वाचक मांजरवेडे असतात. खुन्याचा हेतू थोडा कच्चा असला तर ते माफ करतील, मांजराबद्दल चूक झाली तर नाही. वारंवार दिसणाऱ्या काही चुका:

मायक्रोचिपवरून हरवलेल्या मांजराचा ठावठिकाणा शोधणं. चिप कातडीखालची छोटी ओळखपट्टी आहे. स्कॅनर अगदी जवळ धरला तरच तिच्यातला क्रमांक वाचता येतो, मांजर कुठे आहे हे ती सांगत नाही. त्यासाठी गळ्यातला ट्रॅकर वेगळा.

मिट्ट काळोखात बघणारं मांजर. माणसाला लागतो त्याच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढा प्रकाश त्याला पुरतो, पण थोडा तरी लागतोच. बंद तळघरात ते मिशांवर, कानांवर आणि नाकावर चालतं, आणि तसं लिहिलं तर प्रसंग उलट जास्त रंगतो. कान तर विलक्षण: माणसाला सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला ६० च्याही वरचा.

लाल धागा ओळखणारं मांजर. लाल आणि हिरव्यातला फरक त्याला फारसा कळत नाही. धाग्याचा वास मात्र नक्की कळेल.

साखरेच्या मोहाने कपाला तोंड लावणारं मांजर. त्याला गोड चवच कळत नाही. विषप्रयोगाचं कथानक यावर उभं असेल तर ते कोसळतं.

कॅटनिपने, म्हणजे मांजरांना वेड लावणाऱ्या एका वनस्पतीने, हमखास झिंगणारं मांजर. हा गुण आनुवंशिक असतो, बऱ्याच मांजरांवर काहीच परिणाम होत नाही, आणि अगदी लहान पिल्लांवरही नाही.

तिरंगी बोका. पांढरा, काळा आणि नारिंगी असे तीन रंग असलेलं मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं. जिरो अकागावा या जपानी लेखकाने १९७८ साली सुरू केलेल्या लोकप्रिय मालिकेतली तिरंगी ‘होम्स’ही मादीच आहे.

मांजराशेजारचा माणूस पोकळ ठेवू नका

याच अकागावाकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्याचा कातायामा पोलीस खात्यात आहे आणि त्याला रक्त बघवत नाही. त्याच्यात जे कमी आहे तिथे मांजरी येऊन बसते. मी वाचलेल्या बऱ्याच हस्तलिखितांत मांजरावर पानंच्या पानं असतात आणि माणूस नुसता दार उघडायला आणि खाणं वाढायला. वाचकाला मांजर आवडतं, पण तो त्या माणसाच्या नजरेतून मांजराकडे बघत असतो. एकटेपणा, नुकतंच सुटलेलं काम, मोडलेलं नातं, काहीतरी असं हवं ज्यामुळे हा माणूस मांजराच्या एका जांभईकडेही इतकं लक्ष देतो. ते कारण सापडलं की निम्मी कादंबरी उभी राहते.

मांजराच्या जिवाशी खेळू नका

कोझी मिस्ट्रीत एक न बोललेला करार असतो. हिंसा पडद्याआड, रक्ताची वर्णनं नाहीत आणि मांजर सुखरूप. ते हरवू शकतं, एखाद्या खोलीत अडकू शकतं, रात्रभर घरी न येऊन काळजाचा ठोका चुकवू शकतं. मरू शकत नाही.

हे लेखक भाबडे आहेत म्हणून असं करतात, असं मानू नका. ब्रॉनच्या पाळीव सयामी मांजराचा दहाव्या मजल्यावरून पडून मृत्यू झाला होता. त्या दुःखातून तिने लिहिलेली कथा १९६२ मध्ये एका रहस्यकथा-मासिकात आली, आणि तिथूनच ती मांजरांच्या रहस्यकथांकडे वळली. कोकोचा जीव इतक्या मायेने जपला गेला त्यामागे हे आहे, असं मला ती पुस्तकं वाचताना नेहमी वाटतं. मांजरांचे खून असलेली मांजर-रहस्यकथाही आहे. आकिफ पिरिन्ची या जर्मन लेखकाची १९८९ ची कादंबरी अशीच काळीकुट्ट आहे. तसं लिहायचं असेल तर खुशाल लिहा, पण मुखपृष्ठावर लोकरीच्या गुंड्याशी खेळणारं पिल्लू छापू नका.

मृत्यू मात्र हलका करू नका

उबदार कथा म्हणजे मेलेल्या माणसाची किंमत नसलेली कथा, असा गैरसमज मला फार खटकतो. पहिल्या पानावर प्रेत, तिसऱ्या पानावर हशा आणि मृताचं नाव पुढे कोणी काढत नाही. मग खुनी सापडला काय, न सापडला काय! रक्त दाखवू नका, पण उणीव दाखवा. मृताच्या खुर्चीवर मांजर रोज संध्याकाळी जाऊन बसतं आणि दाराकडे तोंड करून थांबतं, एवढं एक वाक्य पुष्कळ आहे. त्यानंतर घरातला माणूस शोधाला लागला तर तो का लागला, हे वेगळं सांगावं लागत नाही.

मालिका लिहायची असेल तर लहान गावात वरचेवर खून पडतात ही अडचण येईल. तिसऱ्या भागापासून बाहेरची माणसं गावात येऊ द्या किंवा मांजरासह मुक्काम हलवा. वाचक इतपत सांभाळून घेतात.

शेवटची उडी

खुनी पिस्तूल रोखतो, कपाटावरून मांजर झेप घेतं, पिस्तूल पडतं, पोलीस येतात. अशी अखेर मी इतक्यांदा वाचली आहे की कपाट दिसलं तरी धास्ती वाटते. इथे मांजर वीर होतं आणि मांजर उरत नाही. भीतीच्या क्षणी खरं मांजर पळून जाईल, आणि नेमका त्या पळण्याचाच उपयोग करता येतो. दार किलकिलं दिसलं की बाहेर सटकायची त्याची खोड पहिल्या प्रकरणापासून पेरलेली असू द्या. शेवटी ते सटकतं, बाहेरचा कोणीतरी त्याला परत आणून द्यायला दारात येतो आणि खुन्याला हात मागे घ्यावा लागतो. मांजराने काहीही मुद्दाम केलेलं नसतं, आणि तरी जीव वाचतो.

शेवट जमला की नाही हे बघायला मी एक चाचणी सुचवते. हस्तलिखिताची प्रत काढून तिच्यातून मांजराची सगळी वाक्यं खोडा आणि उरलेलं वाचा. खुनी तरीही त्याच पानावर पकडला जात असेल, तर मांजर तुमच्या कथेत अजून आलेलंच नाही. पुतणीच्या घोट्यापासून पुन्हा सुरुवात करा.