चर्चच्या मंडळीच्या पैशातून ध्वनियंत्रणा, पडदा किंवा कॅमेरा घेण्यापूर्वी

बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे लूककृत शुभवर्तमानाच्या 14व्या अध्यायात येशूने सांगितले आहे. आपल्याकडे मात्र पुष्कळदा कोणीतरी शेजारच्या मंडळीतला एलईडी पडदा पाहून येतो आणि पुढच्याच रविवारी वर्गणीची यादी फिरू लागते. निर्णय प्रोटेस्टंट मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीचा असो वा कॅथलिक धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) आर्थिक समितीचा, तो पुढील क्रमाने घ्यावा.

1. वस्तूचे नाव न घेता अडचण लिहून काढावी. "नवा मिक्सर (माइकचे आवाज एकत्र करून कमीजास्त करणारे यंत्र) हवा" ही अडचण नव्हे. "शेवटच्या बाकांवर उपदेश कळत नाही" ही अडचण आहे. ज्यांना ती सोसावी लागते त्या वयस्कर सभासदांना, तान्ही मुले घेऊन मागे बसणाऱ्या आयांना आणि आजारपणामुळे घरीच असणाऱ्यांना विचारावे. तरुण संघाचा उत्साह मोलाचा खरा, पण त्यांचे कान शाबूत असतात.

2. यंत्राआधी इमारत तपासावी. जुन्या दगडी चर्चमध्ये उंच छत, फरशी आणि उघड्या भिंती यांच्यामुळे आवाज घुमतो, शब्द एकमेकांवर चढतात आणि अशा ठिकाणी अधिक वॅटचे स्पीकर लावले की गोंगाट वाढतो, उपदेश काही कळत नाही. मधोमध उभे राहून एक टाळी वाजवावी. तिचा नाद रेंगाळत राहिला तर दोष प्रामुख्याने इमारतीचा आहे. मग एकाने वेदीजवळून स्तोत्राच्या काही ओळी वाचाव्यात आणि दुसऱ्याने मागच्या बाकावर बसून ऐकू येतील तशा लिहून घ्याव्यात. हीच चाचणी रविवारी भरल्या चर्चमध्येही करावी, कारण माणसे व त्यांचे कपडे आवाज शोषून घेतात. अनेकदा मायक्रोफोन तोंडाजवळ आणल्याने, मोठ्या पेट्यांऐवजी उभे, अरुंद स्पीकर लोकांच्या जवळ बसवल्याने किंवा मागच्या भिंतीला जाड पडदे लावल्यानेच निम्मे काम होते.

3. उपासनेच्या इंटरनेटवरील थेट प्रक्षेपणाचा विचार करताना कॅमेरा शेवटी घ्यावा. घरी पाहणारा धूसर चित्र चालवून घेतो, तुटका आवाज नाही. साधा फोन तिपाईवर ठेवून त्याला मिक्सरमधून थेट आवाज दिला, तर काही महिने तेवढ्यावर भागते आणि खरोखर किती जण पाहतात तेही कळते.

4. खर्च पाच वर्षांचा मांडावा. त्यात जीएसटी, वायरिंग, अर्थिंग, स्टॅबिलायझर, दुरुस्ती आणि इंटरनेटचे बिल धरावे. किनारपट्टीच्या चर्चमध्ये खाऱ्या हवेने जोडण्या गंजतात, तेही विसरू नये. नाताळ व वर्षअखेरच्या उपासनेपुरते लागणारे आवारातले स्पीकर विकत न घेता भाड्याने आणावेत. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिवर्धकास बंदी असल्याने शासनाने त्या रात्रीपुरती सवलत दिली आहे का, हे आधी पाहावे.

5. किमान तीन लेखी दरपत्रके मागवावीत आणि समितीतील कोणाच्या नातेवाइकाचे दुकान त्यांत असेल, तर त्या सभासदाने निर्णयातून बाजूला राहावे.

6. देणगी कोठून येते ते पाहावे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या माजी सभासदाने चर्चला प्रोजेक्टर पाठवला, तरी ती परदेशी देणगी ठरते. एफसीआरए (परदेशी देणग्यांचे नियमन करणारा कायदा) याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेने ती स्वीकारू नये. भारतीय पारपत्र कायम ठेवून आखातात नोकरी करणाऱ्याच्या स्वतःच्या कमाईला मात्र हा नियम लागत नाही.

7. खरेदीनंतर बिल, वॉरंटी आणि अनुक्रमांक डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) चढवावेत. विश्वस्त संस्थेच्या लेखापरीक्षणात ते लागतात. यूट्यूब वाहिनी मंडळीच्या ईमेलवर उघडावी, नाहीतर ती चालवणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. यंत्रणा हाताळायला निदान दोघांना शिकवावे आणि कोणती बटणे हलवायची नाहीत, त्याचा कागद मिक्सरशेजारी मराठीत चिकटवून ठेवावा.